दोन वर्षांचे आजारी ताट

केसपेपरावर काय लिहिले आहे, ते सिंधुबाई गांगुर्डे यांना स्वतः वाचता आले असते तर बरे झाले असते. परंतु ते इंग्रजीत होते, आणि त्याचा अर्थ त्यांना चारचौघांदेखत ऐकावा लागला. दवाखान्याच्या त्या खोलीचे दार सताड उघडे होते, बाकावर आणखी चार रुग्ण बसलेले होते, आणि आहारतज्ज्ञ म्हणून नेमलेल्या अंजली नावाच्या तरुण बाईंनी कागदावर बोट ठेवून अगदी सहज स्वरात सांगितले, "म्हणजे कुपोषण, आजी."

"कुणाला?"

"आजोबांना."

सिंधुबाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिले. कोंडाजी गांगुर्डे गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या शाळकरी मुलाची तक्रार सुरू असावी तसे खाली पाहत होते.

"ताई, कागद बदलला असेल. नीट बघा," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बाहेरच्या औषधाच्या खिडकीपर्यंत जात होता. "एकतीस वर्षं मी वसतिगृहात पोरं जेवू घातलीत. सुरगाण्याची, पेठची, कळवणची. हाडं घेऊन यायची आन् अंगावर मांस घेऊन जायची. आन् माझ्या घरात कुपोषण? हा शब्द तुम्ही माझ्या घराला लावता?"

"मी नाही लावत, आजी. वजनकाटा लावतोय."

काटा साडेत्रेचाळीस किलो दाखवत होता. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ अठ्ठावन्न किलोंचा होता. कोंडाजींना जांघेत हर्निया होता; खोकला आला की ते हाताने तो भाग दाबून धरीत आणि कोणी विचारले तर 'वायू आहे' असे सांगत. अर्ध्या तासापूर्वी शल्यचिकित्सकांनी त्यांना तपासून स्पष्ट शब्दांत सांगितले होते की शस्त्रक्रिया आवश्यक आहे, पण या अवस्थेत ते सुरीला हात लावणार नाहीत. रक्त नऊच्या आसपास, स्नायू गळून गेलेले; अशा शरीराची जखम भरत नाही. सहा आठवड्यांत वजन किमान सेहेचाळीसवर आणा, रक्त वाढवा, मग बघू. मध्येच आतडे अडकले तर मात्र निवडीला वाव उरणार नाही. तेव्हा मध्यरात्री, आहे त्या स्थितीत कापावे लागेल, आणि त्याचा भरवसा कोणीच देणार नाही.

एवढे ऐकून बाहेर आल्यावर सिंधुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. त्यात हा शब्द.

अंजलीबाईंनी वही उघडली. "दिवसभरात काय काय खातात, सांगा."

हा प्रश्न सिंधुबाईंना आवडला. येथे त्या निर्दोष ठरणार होत्या. त्यांनी पाठ ताठ केली आणि वसतिगृहाच्या तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास सांगावे तसे सांगितले. सकाळी चहा आणि चार टोस्ट, चहात भिजवून. दुपारी मऊ भात, त्यावर वरणाचे वरचे पाणी, डाळीचा कण राहू नये म्हणून गाळणीतून काढलेले. चार वाजता दूध-बिस्किट. सायंकाळी पेज, चिमूटभर मीठ घालून. "चावायची एक गोष्ट नाही त्यात. पोटात तडस लागेल असं काही नाही. एक दिवस चुकवलं नाही मी."

"हे असं जेवण द्या, हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण लागतं? आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं होतं. आजारी ताट. ज्या पोराला ताप, त्याला आजारी ताट. आमच्या गृहपालांनी स्वतः खडूनं लिहून दिलेलं, मी एकतीस वर्षं त्यात तसूभर फरक केला नाही."

"आणि मुलाला हे ताट किती दिवस द्यायचात?"

"ताप उतरेपर्यंत. तीन दिवस. चौथ्या दिवशी पोरगा भाकरी मागायचाच. नाही मागितली तर मी गृहपालांना वर्दी द्यायची, का पोरगं खालावलं, घेऊन जा डॉक्टरकडं. चौथ्या दिवशी आजारी ताट द्यायची परवानगीच..."

वाक्य तेथेच तुटले. अंजलीबाईंनी पेन खाली ठेवले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि तो न विचारल्याबद्दलही सिंधुबाईंना त्यांचा राग आला.

घरी जाताना रिक्षात त्या केसपेपर मुठीत चुरगाळून बसल्या. कोंडाजींनी दोनदा घसा खाकरला. दुसऱ्यांदा त्यांचा हात नकळत जांघेकडे गेला, तो सिंधुबाईंनी पाहिला, आणि मग त्यांना राहवले नाही.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी तुम्हाला तापाचं जेवण घालते आन् तुम्ही खाता. तोंड नव्हतं तुम्हाला?"

"तोंड होतं," कोंडाजी म्हणाले. "दात नव्हते."

रिक्षावाला हसला. सिंधुबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यानंतर तो घर येईपर्यंत हसला नाही.

वास्तविक दात नव्हते असे म्हणणे खरे नव्हते. कोंडाजींजवळ वरचे आणि खालचे असे दोन्ही दात होते, कवळीच्या रूपाने. दोन वर्षांपूर्वी उरलेसुरले चार दात काढून झाल्यावर मुलाने, प्रफुल्लने, ती करवून दिली होती. मात्र तिचा उपयोग हा जगाच्या रिवाजाच्या अगदी उलट चालला होता. रविवारी विहारात जाताना, लग्नात, मयताला, कॉलनीच्या बैठकीला कोंडाजी कवळी लावून जात. तेथे 'जयभीम' स्वच्छ उच्चारात करता येई आणि गाल भरलेले दिसत. पंगतीत पान वाढले गेले की ते मान वळवून कवळी काढीत, हातरुमालात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवीत, आणि मऊ तेवढे गिळून उठत. कॉलनीतील निम्मे म्हातारे असेच करीत. जेवणाच्या वेळी एका ओळीत पाचसहा रुमाल निघत. कवळी ही सभेची वस्तू आहे, जेवणाची नव्हे, असा त्या सर्वांचा जणू ठरावच झालेला होता.

घरी तर कोंडाजी कवळी लावीतच नसत. ते सर्वांच्या मागून, एकटे, मागच्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून जेवत. हिरड्यांनी चघळताना आवाज होतो, ओठांच्या कडेने ओघळ येतो; सुनेसमोर, नातीसमोर ते नको, असे त्यांनी ठरवले होते. सिंधुबाईंनी ते मान्य केले होते. दार ओढून घेण्याची व्यवस्थाही त्यांनीच केली होती. आता प्रत्येक गोष्ट आठवून आठवून त्यांच्या अंगाची लाही होत होती.

त्या सायंकाळी त्यांनी गॅलरीचे दार उघडले, तेथील पाट उचलून आणला आणि आतल्या खोलीत सर्वांच्या मधोमध आपटला.

"आजपासून इथं."

"आई, बाबांना अवघडल्यासारखं होईल," सून स्नेहा हळूच म्हणाली. ती स्वभावाने मऊ होती, आणि त्या दिवशी मऊ असे काहीही सिंधुबाईंना सहन होण्यासारखे नव्हते.

"होऊ दे. अवघडल्यानं कोणी मरत नाही. गाळलेल्या पाण्यानं मरतं."

"मी दुधात ती प्रोटीनची पावडर घालून देऊ का? बिस्किटांबरोबर?"

"बिस्किटाचं नाव काढलंस तर बघ!"

कोंडाजींच्या पुढे त्यांनी ताट ठेवले. अंजलीबाईंनी दिलेला कागद त्यांनी शेगडीशेजारी चिकटवला होता; त्यात नवे असे काही नव्हते आणि हीच गोष्ट त्यांना सर्वांत झोंबली होती. दात नाहीत म्हणून अन्न कमी करू नका, अन्नाचे रूप बदला. डाळ गाळू नका, घोटा. अंडी, दही, मासे, खिमा, शेंगदाण्याचे कूट, शिजवून ठेचलेल्या भाज्या, पिकलेली पपई द्या. थोडे थोडे, पण दिवसातून पाच वेळा. एकतीस वर्षे ज्या बाईने मोठमोठ्या पातेल्यांतून डाळ घोटली, तिला हे एका पोरसवदा बाईने कागदावर लिहून द्यावे!

ताटात घोटलेली मुगाची डाळ होती, तिच्यात मेथी इतकी बारीक की दिसू नये, आणि अंड्यांची मऊ भुर्जी. कोंडाजींनी ताटाकडे पाहिले, मग सर्वांकडे, आणि ते उठू लागले.

"मी काय तान्हं बाळ आहे? माझं खाणं वाटून, घोटून, सगळ्यांच्या डोळ्यादेखत? मला माझी पेज दे."

"पेज मिळणार नाही."

"मग उपाशी राहतो."

"राहा. दोन वर्षं राहिलाच आहात."

कोंडाजी खरोखरच उपाशी झोपले. सिंधुबाईही जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या लताबाई, भिंतीपलीकडचे सारे ऐकूनही काही न ऐकल्यासारखे करीत, कढीपत्ता मागण्याच्या निमित्ताने आल्या.

"अगं सिंधू, किती छळशील त्यांना? वय झालं की माणूस सुकायचाच. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात ना."

"चणे मी देते, लताबाई. भिजवून, शिजवून, वाटून देते. तुमच्या माणसाचं वजन कधी केलंय तुम्ही?"

"इश्श, त्यांचं कशाला करू?"

"करा. मग कढीपत्ता न्यायला या."

लताबाई कढीपत्ता न घेताच गेल्या, आणि पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

उपाशी राहण्याचा कोंडाजींचा निर्धार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग त्यांनी भुर्जी खाल्ली, पण पाठ फिरवून. सिंधुबाईंनी पाट फिरवला. त्यांनी पुन्हा पाठ फिरवली. नात पूजा हे पाहून खुदखुदली, आणि कोंडाजींनाही ओठ आवळून धरता आले नाहीत. त्या दिवसापासून ते सर्वांत बसू लागले. मात्र कवळीला हात लावीनात.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन केवळ सहाशे ग्रॅमनी वाढले. घोटलेले अन्न पोटात जात होते, परंतु कोंडाजी चार घासांत कंटाळत. ते बोलून दाखवीत नसत, तरी सिंधुबाईंना त्याचे कारण ठाऊक होते. ज्याला आयुष्यभर बाजरीची भाकरी, सुकट आणि शेंगदाण्याचा ठेचा लागला, त्याच्या जिभेला सगळे एकाच पोताचे लागत होते. माणूस चावण्यासाठीही जेवतो.

"कवळी लावा," त्या म्हणाल्या.

"टोचते."

"कुठं?"

"खाली. उजवीकडं."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

सिंधुबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. ज्या दंतवैद्याने कवळी केली त्याने आठ दिवसांनी दाखवायला बोलावले होते. हे त्यांना आठवत होते, कारण त्या दिवशी कोंडाजी दाखवायला म्हणून घरून निघाले होते आणि तासाभराने 'सगळं ठीक आहे म्हणाले' असे सांगत परतलेही होते.

"गेला होतात का तुम्ही?"

"बसस्टॉपपर्यंत गेलो. म्हटलं, बसेल हळूहळू. एवढ्यासाठी कशाला डॉक्टरला त्रास?"

येथे कोंडाजींबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे टर्नर होता. लेथवर कातलेल्या धातूच्या भागाच्या, म्हणजे जॉबच्या, कडेला बोटाला जाणवेल इतकी कुसळ राहिली तर तो जॉब स्वतःहून बाजूला काढीत असे, आणि नव्या कामगाराला दाखवून म्हणे, 'हे आज पुढं गेलं तर उद्या मशीन खाईल.' त्याच माणसाने स्वतःच्या तोंडात, हिरडीवर घासणारी वस्तू दोन वर्षे चालवून घेतली होती. कारण कारखान्यातील यंत्राची किंमत त्याला कळत होती, आपल्या तोंडाची नव्हे.

सिंधुबाईंनी नेमके हेच त्यांना सुनावले, आणि इतक्या मोठ्याने सुनावले की खालच्या मजल्यावरील माणसे जिन्यात आली. मग त्यांनी पदर खोचला, खिशातून कवळीचा रुमाल काढून घेतला आणि त्यांना दंडाला धरून दंतवैद्याकडे नेले.

दंतवैद्याने कवळीच्या आतल्या बाजूस पांढरा लेप लावून ती बसवली, काढली आणि ज्या ठिकाणी लेप पुसला गेला होता तेवढी कड बारीक चाकाने घासली. पुन्हा बसवली, पुन्हा पाहिली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. हिरडीवर जुना, कडक झालेला व्रण होता. आठवडाभर तो भरू द्या, मग मऊ पदार्थांपासून सुरुवात करा, घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी चावा, रात्री काढून पाण्यात ठेवा, असे त्यांनी सांगितले. "कोरड्या रुमालात ठेवू नका. वाकडी होते."

"हे तुम्ही आधी का नाही..." सिंधुबाईंनी तोंड उघडले, आणि मिटले. त्याने बोलावले होते. न जाणारा माणूस त्यांच्याच घरचा होता. ज्याच्यावर भडकावे असा माणूस समोर नसणे, ही त्या सहा आठवड्यांतील त्यांची सर्वांत मोठी अडचण होती. प्रत्येक वाट फिरून घरीच येत होती.

तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी रीतसर कामच काढले. सकाळी नागलीची आंबील, ताक घालून. दहा वाजता मुगाचे धिरडे आणि दही. दुपारी भाकरी, पण रश्श्यात चुरून, त्यात खिमा किंवा काटे काढलेला मासा. चारला केळे, शेंगदाण्याचे कूट घालून. रात्री पिठले-भात, पालक घोटून. हिरडीचा व्रण भरल्यावर त्यांनी भाकरीचा पापुद्रा काढून तो वेगळा वाढला. कोंडाजींनी कवळी लावली, तुकडा तोंडात घेतला आणि बराच वेळ ते चावत राहिले. घास अडकला की काय, म्हणून स्नेहा पाणी घेऊन धावली. त्यांनी हाताने नको म्हटले आणि चावणे चालू ठेवले.

सहा आठवडे पुरे झाल्याच्या दिवशी दोघे दवाखान्यात गेले. कोंडाजींनी जाड खिशांची जुनी पँट घातली होती. काट्यावर चढताना ते किंचित एका बाजूला कललेले होते. परिचारिकेने आकडा वाचला. "सेहेचाळीस किलो शंभर. वा, आजोबा!"

कोंडाजी झटकन खाली उतरले. सिंधुबाईंनी घरी आदल्याच दिवशी त्यांचे वजन पाहिले होते. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या उजव्या खिशात हात घातला आणि पितळेचा एक जाड, गोल तुकडा बाहेर काढला. निवृत्तीच्या दिवशी कोंडाजींनी स्वतः कातून आठवण म्हणून घरी आणलेला बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणारे कडे, होता तो. चांगला अर्ध्या किलोचा.

मग सिंधुबाई बोलल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज वर गेला नाही. घरातल्या माणसांना त्यांच्या ओरडण्याची भीती वाटत नसे, या आवाजाची वाटे.

"भुलीचं औषध वजन बघून देतात. वसतिगृहातल्या पोराचं अपेंडिक्स काढलं तेव्हा माझ्यासमोर विचारलेलं त्यांनी, वजन किती. ते काय पितळेला भूल देणार होते? आपली चारशे ग्रॅमची लाज झाकायला तुम्ही जीव द्यायला निघालात?"

"तू एवढं केलंस," कोंडाजी खाली बघत म्हणाले. "कमी भरलं असतं तर तुझं नाक कापलं गेलं असतं. त्या ताईंसमोर."

"माझं नाक!" सिंधुबाईंनी तो बुश टेबलावर ठेवला. "नाक घेऊन मी काय करू, तुम्ही नसल्यावर? चढा परत."

काट्याने पंचेचाळीस किलो सहाशे दाखवले. परिचारिकेने तेच लिहिले.

शल्यचिकित्सकांनी परिचारिकेकडून घडलेले ऐकले, कागद पाहिले, कोंडाजींना हात घट्ट दाबायला सांगून त्यांची पकड पाहिली, खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावले. रक्त अकरावर आले होते. "चारशे ग्रॅमसाठी मी अडून बसणार नाही," ते म्हणाले. "वजन कुठल्या दिशेला चाललंय, ते मला दिसतंय. सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी करू. पण तो पहिला आकडा माझ्यापर्यंत आला असता आणि मला नंतर कळलं असतं, तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"मी पण," सिंधुबाई म्हणाल्या.

बाहेर आवारात आल्यावर त्या इतक्या झपाझप चालू लागल्या की कोंडाजी मागे पडले. फाटकाजवळच्या बाकाशी ते थांबले.

"सिंधू. थांब. भूक लागली."

त्या वळल्या. राग अजून चेहऱ्यावर जसाच्या तसा होता. त्यांनी पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला, झाकण उघडले. आत चुरलेली भाकरी आणि खिमा होता. समोरून माणसांची ये-जा चालू होती. चहाच्या टपरीवर दहाबारा जण उभे होते. कोंडाजींनी आजूबाजूला पाहिले. त्यांचा हात सवयीने तोंडाकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि मग त्याच हाताने त्यांनी घास उचलला. कवळी तोंडातच होती. ते सावकाश, दोन्ही बाजूंनी, सर्वांच्या देखत चावू लागले.

तिसऱ्या घासाला त्यांनी मान हलवली.

"मीठ कमी आहे."

"काय?"

"खिम्यात. मीठ कमी पडलंय. आन् आलंही नाही घातलंस."

सिंधुबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. टपरीवरची माणसे वळून पाहू लागली.

"पहाटे चारला उठून मी तो दोनदा खलला, आन् तुम्हाला आलं पाहिजे? उद्या म्हणाल, मटणाची नळी फोडून दे! खा गुमान. डबा रिकामा झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही, आन् तुम्हालाही हलू देणार नाही."

"नळी चालेल," कोंडाजी म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.